बेबीताईंचा बिनदुधाचा चहा

बेबीताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं ते मला अजून कळत नाही. जोडाक्षर आलं की पेन अडतो. जिथं चुकलं असेल तिथं समजून घ्या.

माफी एवढ्यापुरतीच. यापुढे भांडण आहे.

तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, कांता किती शांत राहिली. नणंद गेली तरी डोळ्यातून टिपूस नाही. शांत कसली, मी दात आवळून बसले होते. तोंडानं मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. हार केवढ्याचा असं गिऱ्हाईकानं विचारलं तरी माझी मान खाली जाते. म्हणून लिहिते आहे. हे कोणी वाचणार नाही, तुमच्या भावालाही दाखवणार नाही.

तुम्ही दर्यापूरला परत आलात तेव्हा शेजारणींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "नणंद माहेरी राहाले येऊन रायली, आता तुही खैर नाई." मी मनाची तयारी करून बसले होते. भाऊजी फौजेतून सुटले ते तिकडेच दार्जिलिंगकडे एका चहाच्या मळ्यात गाडीवर लागले, तुम्ही तिथल्याच कारखान्यात पानं निवडायला. उभी हयात तिकडं गेली. भाऊजी वारले, लेकरूबाळ नाही, म्हणून भावाच्या दारात आलात. मला वाटलं, आता पेटीतून भांडी निघतील, वाटणीची गोष्ट निघेल. तुम्ही पेटी उघडली तर आत साड्या कमी आणि पत्र्याचे डबे जास्त.

त्याच दुपारी तुम्ही चिनी मातीची किटली काढली, एवढीशी, देवघरातल्या तांब्यापेक्षा लहान. पातेलं नाही, दूध नाही, साखर नाही. चहा गाळलात आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवलात.

बेबीताई, या घरात लग्न होऊन आल्यापासून मी चहा शेवटी प्यायला आहे. सगळ्यांचा झाला की पातेल्याच्या तळाचा, निवलेला, साय धरलेला. पहिला कप मला कोणी दिला नव्हता. मी तो तुमच्या भावाकडे सरकवला तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारली. "थो पिईन मंग. तू पे आधी." तुमच्या भावानं आपला कप बोटात धरून उजेडाकडे केला आणि म्हणाले, "बेबे, हा चाय होय का पोलिओचा डोस?"

मी घोट घेतला. सकाळी अमरावतीहून मी फुलांची करंडी आणते, तिच्यावरचं ओलं गोणपाट काढताना पहिल्यांदा जो वास येतो, तो त्यात होता. मी विचारलं, यात फूल टाकलं काय? तुम्ही म्हणालात की नाही, निव्वळ पान आहे. आणि मग माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी दहावी पास झाले.

तिथूनच तुम्ही माझ्या मागे लागलात. मला काय गरज होती? फुलं विकणाऱ्या बाईला ऊलाँग कशाला कळायला पाहिजे होता? पण तुम्ही भाजी निवडताना सांगायचात, हार गुंफताना सांगायचात. चहाचं झाड एकच असतं. त्याच झाडाचं पान तोडल्याबरोबर तापवलं की ते हिरवं राहतं, तो हिरवा चहा. पूर्ण लाल होऊ दिलं की तो आपला नेहमीचा काळा चहा, जो आपण दुधात उकळतो. आणि ऊलाँग म्हणजे त्या दोन्हींच्या मधे थांबवलेला. कुठं थांबवायचं ते करणाऱ्याच्या हातात. कोणी लवकर थांबवतो, तो हिरव्याकडे झुकतो, फुलासारखा लागतो. कोणी उशिरा थांबवतो आणि वरून भाजतो, तो फुटाण्यासारखा, गुळासारखा लागतो. म्हणून दोन ऊलाँग एकमेकांसारखे लागले नाहीत तर घाबरू नये.

मी विचारलं, लाल कसं करतात, रंग लावतात काय? तुम्ही पोट धरून हसलात. मग बांबूचं सूप घेऊन दाखवलंत, त्यात माझ्याच दुकानातल्या गुलाबपाकळ्या टाकल्यात. पानं उन्हात मलूल करायची, मग सुपात हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची. पानं एकमेकांवर घासतात, त्यांच्या कडा दुखावतात. दुखावलेली कड लाल होत जाते, मधलं हिरवंच राहतं. मग कढईत गरम करून ते तिथंच थांबवायचं आणि पीळ द्यायचा. मला ते ऐकून राग आला होता. आमच्या धंद्यात कड काळवंडलेली पाकळी उकिरड्यावर जाते. तुमच्याकडे त्याच कडेचे पैसे येतात.

करायची रीत मी शिकले, पण माझ्या पद्धतीनं. तुम्ही मिनिटं सांगायचात, मला घड्याळाकडे पाहायची सवय नाही. पाणी खळखळ उकळलं की उतरवायचं आणि लगेच ओतायचं नाही, चार-पाच फुलं ओवून होईपर्यंत थांबायचं. किटलीत पत्ती कमीच टाकायची, कारण ती ओली झाली की फुगून किटली भरते. पाणी ओतून वीतभर गजरा होईपर्यंत ठेवायचं, मग गाळून सगळं काढून घ्यायचं. एक थेंब मागे ठेवायचा नाही, नाहीतर पुढचा चहा कडू. आणि पत्ती फेकायची नाही. त्याच पत्तीवर दुसरं पाणी, तिसरं, चौथं. दर वेळी थोडा लांब गजरा. पहिल्या पाण्यात वास, दुसऱ्यात चव, तिसऱ्यात घशात मागून गोडी. तुम्ही म्हणायचात की ऊलाँग एका कपात कळतच नाही, माणसासारखा आहे, चार वेळा बसावं लागतं.

आणि पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं, त्यात तुमचा चहा म्हणजे उकळलेलं गवत. पहिल्या दिवशी तुमच्याजवळ तिकडून आणलेली बाटली होती हे मला मागून कळलं. ती संपली आणि तुमचं तोंड उतरलं. मग धरणाचं नळाचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी तुमच्या चहासाठी कळशी वेगळी भरायची, हे काम माझ्या गळ्यात. घरची कळशी रिकामी राहिली तरी चालेल, चहाची भरली पाहिजे. एकदा मी तुमचा डबा दुकानात अगरबत्तीच्या खोक्याशेजारी ठेवला, तर आठवड्यात चहाला चंदनाचा वास. तुम्ही म्हणालात, "काहून वं कांते, देवाले पाजतं काय?" आणि सगळा डबा फेकायला लावलात. चहा शेजारच्याचा वास ओढून घेतो, हे त्या दिवशी शिकले. शिकले, पण तुम्ही चार बायकांसमोर बोललात ते अजून लक्षात आहे.

इथपर्यंत ठीक होतं. घरात प्यायचो, आपण दोघी, दुपारी. तिथंच थांबायचं होतं.

पण तुमच्या डोक्यात दुकान शिरलं. माझ्या हाराच्या दुकानाला लागून जी अर्धी टपरी रिकामी होती, तिथं ऊलाँगचा चहा. मी म्हटलं, ताई, बसस्टँडचं गाव आहे, जीपवाले, कापूसवाले, त्यांना कडक चहा लागतो. तुम्ही म्हणालात, "त्यायले पाजलाच कोणं?" टपरीला, किटल्यांना, मळ्यातून माल मागवायला पैसे पाहिजेत. तुमचं नाव इथल्या कुठल्याच बचत गटात नव्हतं. माझं होतं. मी गटात सगळ्यात मागे बसणारी, कधी कर्ज न मागितलेली. तुम्ही माझ्या नावावर कर्ज काढलंत. मी सही केली. करू नको म्हणायला तोंड उघडावं लागतं.

अध्यक्ष मंगलाताई आपल्याच गल्लीतल्या, त्या चांगल्याच वागल्या. तुमचा चहा त्यांनी एकदा घेतला, आवडला असं म्हणाल्या. आणि तिथं तुमच्या डोक्यात दुसरं शिरलं. त्यांच्या मुलीला पाहायला अकोल्याहून पाहुणे येणार होते. तुम्ही मंगलाताईंना म्हणालात, शहरातली माणसं आहेत, त्यांना असा चहा द्या की जन्मभर नाव काढतील. मी तुम्हाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. आठवतं? मी कधी कोणाला बाजूला घेत नाही. मी म्हटलं, ताई, आपल्याकडे शुभकार्यात बिनदुधाचा चहा देत नाहीत. बिनदुधाचा चहा मयताच्या घरी असतो. तिथं चूल बंद, दूध आणायचं नाही, बसायला आलेल्यांना कोरा चहा. तुम्ही इतकी वर्षं तिकडं राहिलात, तुम्ही विसरलात.

तुम्ही काय म्हणालात? "हा कोरा चाय नोहे, हा ऊलाँग आहे."

पाहुण्यांना काय माहीत ऊलाँग. पोहे झाले, मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली. कपात पिवळं, पारदर्शक, दुधाचा थेंब नाही. मुलाच्या मोठ्या आत्यानं कप पाहिला आणि खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले, एकेकानं, आवाज न करता. मग ती आत्या मंगलाताईंना म्हणाली, "बाई, आमी पोरगी पाहाले आलो का मयतीले?"

मी दाराआड उभी होते. तुम्ही पुढे झालात आणि त्यांना पानं, कडा, सूप सांगायला लागलात. ते लोक उभे राहिले तरी तुम्ही सांगतच होत्या. त्या वेळी मला तुमची लाज वाटली, आणि त्या आत्याचा गळा धरावासा वाटला. दोन्ही.

सोयरीक झाली नाही. कोणी म्हणतं देण्याघेण्यावरून मोडली, कोणी म्हणतं पत्रिका. पण दर्यापुरात एकच गोष्ट फिरली, चहाची. टपरीवर येणारी चार माणसं बंद झाली. जीपवाले जाता जाता ओरडायचे, "मावशी, कोणाची मयत काढली आज?" तुम्ही त्यांना हात करून बोलवायचात, बस म्हणायचात, फुकट पाजते म्हणायचात. फुकटही कोणी प्यायलं नाही. तोंड माझं पडलं होतं, कारण मंगलाताई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. गटाच्या बैठकीत हप्ता भरायला मी उठले की सगळ्या गप्प. मग हप्ताच भरता येईना. माझा हप्ता थकला तर बँक गटाला पुढचं कर्ज देत नाही. शिलाई मशीन घ्यायला थांबलेली, म्हैस घ्यायला थांबलेली, सगळ्या माझ्यासाठी थांबलेल्या. त्या काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फुलं विकून थोडं थोडं भरायची, आणि तुम्ही टपरीवर बसून रिकाम्या बाकड्याला चहा दाखवायचात.

मी एकदा म्हटलं, भाजलेल्या ऊलाँगमधे दूध चालेल, साखर घालू, आलं घालू, लोक पितील, हप्ता निघेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात गेलात तेव्हा मी केलाही तसा. दोन जीपवाल्यांनी घेतला, पैसेही दिले. तुम्ही आलात, वास घेतलात, आणि पातेलं नालीत ओतलंत. मग माझ्याशी अबोला. माझ्या नावावरचं कर्ज आणि तुमचा अबोला. तुम्ही म्हणायचात, दूध घातलं की मग चहा तोच राहत नाही. बरोबर असेल. पण कर्ज तर तेच राहतं ना, बेबीताई. हे मला तेव्हा म्हणायचं होतं.

आता खऱ्या रागाकडे येते.

तुम्हाला दम लागायला लागला. कळशी उचलली की भिंतीला हात लावून उभ्या राहायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "ग्यास झाला." तुमच्या भावानं विचारलं तरी ग्यास. फुलं आणायला अमरावतीला जायचं काम तुम्ही माझ्याकडून घेतलंत, म्हणालात तू दुकान सांभाळ. मला वाटलं माझी दया आली. तुम्ही त्याच फेरीत दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की हृदयाची नळी तपासायला पाहिजे, घरचं माणूस घेऊन या, पैशाची सोय करा. तुमच्याजवळ सोय होती. भाऊजींच्या फंडातले शेवटचे पैसे तुम्ही जपून ठेवले होते. ते तुम्ही मळ्यावर पाठवलेत. नवीन माल मागवला. नवीन तोडीचा.

दवाखान्याचं मला कधी कळलं? तुम्ही टपरीवर कोसळलात, जीपवाल्यांनीच उचलून जीपमधे घातलं, तेच जीपवाले, आणि आम्ही तुम्हाला अमरावतीला नेलं. तिथं डॉक्टर तुमच्या भावावर खेकसले, "यांना मागेच सांगितलं होतं. तुम्ही कुठे होता?" मी कुठे होते? मी दुकानात होते, तुम्ही बसवलं होतं तिथं. तुम्ही शुद्धीवर आल्या नाहीत. मला भांडायला मिळालं नाही.

तुम्हाला वाटलं असेल की माझ्या नावावरचं कर्ज फेडायला माल पाहिजे, म्हणून मागवला. लोक मला हेच सांगून समजावतात. तुझ्यासाठीच केलं तिनं. मला हे ऐकायचं नाही. कर्ज मी फेडलं असतं, वर्षं लागली असती. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी छाती, मग चहा. मी हळू बोलते म्हणून माझं काही म्हणणं नसतं, असं तुम्हीही धरलंत. दर्यापुरात सगळेच धरतात. तुम्ही पहिला कप मला दिला होता, म्हणून मला वाटलं तुम्ही धरणार नाही.

मग बसायला लोक यायला लागले. चूल बंद, शेजारून भाकरी यायची. तिसऱ्या दिवशी घरातली चहापत्ती संपली, बाहेर ओसरीवर माणसं. तुमचे भाऊ म्हणाले, काहीही आण. मी टपरी उघडली आणि तुमचा डबा आणला. कळशीत धरणाचं पाणी तुमच्यासाठी धरून ठेवलेलं होतं. मी रागानं केला तो चहा, पण हात चुकला नाही. पाणी उतरवून थांबले, गाळून सगळा काढला. स्टीलच्या पेल्यांत दिला, दूध नाही, साखर नाही. आणि बेबीताई, सगळ्यांनी घेतला. कोणी पेला खाली ठेवला नाही. मयताचं घर, बिनदुधाचा चहा, जसा असायला पाहिजे तसा. कोणाला काही खटकलंच नाही.

मंगलाताई आल्या होत्या. त्या मोडलेल्या सोयरिकीनंतर आपल्या दारात पहिल्यांदा. भिंतीला टेकून बसल्या, घोट घेतला, पेल्यात पाहिलं. मी दुसरं पाणी घेऊन फिरले तेव्हा पेला पुढे केला. तिसऱ्याला मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "कांता, पत्ती बदलली काय?" मी मान हलवली, तीच. "हा थोच चाय होय, पोरीच्या टायमाचा?" मी म्हटलं, तोच. त्यांनी पेला रिकामा केला. मग म्हणाल्या, "मागून गोड लागते."

मी आत जाऊन कळशीला लाथ मारली. एवढं एक वाक्य ऐकायला तुम्ही टपरीवर बसून होत्या, आणि ते तुमच्या सुतकात माझ्या कानावर आलं.

दहाव्याच्या दिवशी पार्सल आलं. मळ्यातून. तुमच्या नावानं, तुमच्या भावानं सही करून घेतलं. खोकं उघडलं तर खोलीभर वास. तो वास घ्यायचा नाही म्हणून मी पदर नाकाला लावला आणि घेतला. मला ते खोकं उकिरड्यावर ओतायचं होतं. आतल्या पावतीवरचा आकडा आणि तुमच्या पासबुकातून गेलेला फंडाचा आकडा एकच, तुमच्या नळीचे पैसे होते ते. मग वाटलं, ओतलं तर तुम्ही फुकट मेलात.

आता जे केलं ते सांगते, आणि तुम्हाला राग येईल. येऊ द्या.

आपल्या घरी बसायला आला तेव्हा जो चहा प्यायला तो पाहिजे, असं म्हणत एक माणूस आला. त्याचा काका वारला होता, हार घ्यायला आला होता. मी हारासोबत चहाची पुडी दिली. मग दुसरा आला. मयताच्या घरी दिवसभर माणसं येतात, दूध लागत नाही, साखर लागत नाही, आणि एकाच पत्तीवर चार फेऱ्या होतात. लोकांनी हिशोब लगेच पकडला. पलीकडे तेल्हाऱ्यापर्यंतची माणसं विचारत आली, मयतीचा तो चहा कुठं मिळतो. मी विकला. तुमचा नवीन तोडीचा ऊलाँग, फुलासारखा, मी मयतीचा चहा म्हणून विकला. तुम्ही असत्या तर सगळा नालीत ओतला असता.

आणि विकताना बोलावं लागलं. हे तर मी तुम्हाला मुळीच माफ करत नाही. तुम्ही बोलणाऱ्या होत्या, मी कळशी भरणारी. आता मला सांगावं लागतं: उकळत्या पाण्यात पत्ती टाकू नका, पातेल्यात शिजवू नका. बोअरचं पाणी घेऊ नका. मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका. पहिलं पाणी फिकं दिसलं तर पत्ती वाढवू नका, दुसऱ्याची वाट पाहा. कोणी विचारतं, हा ग्रीन टी काय? तर नाही म्हणावं लागतं, आणि मग कडा, सूप, थांबवणं, सगळं. पहिल्यांदा सांगताना माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तो माणूस म्हणाला, "काय म्हणता वो बाई, मोठ्यानं सांगा." मी मोठ्यानं सांगितलं. तुमच्यावरच्या रागानं सांगितलं म्हणून जमलं.

मागच्या महिन्यात एक म्हातारा आला. धोतर, डोक्यावर रुमाल, हातात पिशवी. पुडी मागितली. मी सवयीनं विचारलं, कोण गेलं? तो ओशाळला. म्हणाला, "कोणी नाई गेलं, माय. मलेच पाहिजे. कुठंतरी बसाले गेलो होतो, तवा पेलो, तोंडातून जात नाई." मग जाता जाता म्हणाला की घरी बायको ओरडते, चांगल्या घरात हा चहा कशाला, म्हणून शेतात नेऊन पितो, एकटा. मी त्याला पुडी जास्त भरून दिली. तो गेल्यावर टपरीच्या बाकड्याकडे पाहिलं आणि तुम्हाला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही.

दूध घालायचं की नाही, ते भांडण आपलं राहिलंच. मी अजूनही म्हणते, भाजलेल्यात चाललं असतं.

काल गटाची बैठक होती, मंगलाताईंच्या अंगणात. खोक्यातला चहा तळाला गेला होता आणि माझ्या रुमालात शेवटचा हप्ता होता, मागच्या थकबाकीसकट. आमच्या गटात अशी पद्धत आहे की जिचं कर्ज फिटतं तिनं उभं राहून सांगायचं, पैसा कशाला घेतला आणि त्याचं काय झालं. बायका छान छान सांगतात, मशीन घेतली, म्हैस घेतली, आता दोन पैसे मिळतात. मंगलाताई म्हणाल्या, कांतानं बसूनच सांगितलं तरी चालेल.

मी उभी राहिले.

म्हटलं, "नणंदेच्या चहासाठी घेतला होता. चहा चांगला होता. नणंदेनं स्वतःचा पैसा दवाखान्यात घालायला पाहिजे होता, तो तिनं चहात घातला. आणि मला सांगितलं नाही."

माझा आवाज अंगणाच्या दारापर्यंत गेला असेल. टाळ्या वाजवायच्या असतात, पण वाजवाव्या की नाही ते कोणाला कळेना. मशीनवाली पदर तोंडाला लावून बसली. मंगलाताईंनी रुमाल सोडला, नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, पुन्हा मोजली. मग मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर आहे. कांताकडं आता काही बाकी नाई."

पैसे फिटले, बेबीताई. सगळे.